खुले पत्र : चावडीच्या भिंतीतल्या पाटीवर आता नावं येऊ द्या

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले भाऊसाहेब), पोलीस पाटील आणि मुंबई-पुण्याची ग्रामस्थ मंडळं,
ज्या ज्या गावात पहिल्या महायुद्धाची पाटी आहे, ती सर्व गावं,
सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड आणि पुढे जिथे जिथे असतील तिथे.

स. न. वि. वि.

पाटी म्हणजे कुठली, हे आधी सांगतो. जुन्या चावडीच्या, मराठी शाळेच्या नाहीतर देवळाबाहेरच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी फरशी बसवलेली असते. कुठे तिच्यावर चुन्याचे थर चढलेत, कुठे रंगाऱ्याने भिंतीबरोबर तिलाही ऑइल पेंट मारून टाकलाय, कुठे पल्स पोलिओचं पत्रक नेमकं तिच्यावरच चिकटवलंय. अक्षरं इंग्रजी असल्यामुळे शाळेतली पोरं सोडली तर वाचायला कोणी जात नाही. मजकूर सगळीकडे साधारण एकच : या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक फक्त आकडे बदलतात.

संपूर्ण पाटीवर एकाही माणसाचं नाव नसतं.

हे पत्र लिहायचं तातडीचं कारण म्हणजे सध्या जुन्या चावड्या पाडून ग्रामपंचायतीच्या नव्या इमारती होताहेत. इमारत व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ठेकेदाराचा माणूस जेसीबी घेऊन आला की भिंतीत काय आहे ते बघत बसत नाही. डबरात गेलेली पाटी नंतर कोणाच्या तरी न्हाणीघरात कपडे धुवायला सापडते. तसं होण्याआधी दोन गोष्टी करा अशी विनंती आहे. पाटी वाचवा, आणि तिच्या शेजारी नावांची दुसरी पाटी लावा. पहिलं काम एका गवंड्याचं आहे. दुसरं सगळ्या गावाचं आहे, म्हणून पत्राचा बराचसा भाग त्यावरच आहे.

त्या लढाईत हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली आणि ७४ हजारांहून जास्त परत आली नाहीत. आपल्याकडची बरीच माणसं मराठा पलटणींत होती : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये लष्कराची फेररचना होऊन या पलटणींची मिळून आजची मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. फ्रान्सचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण आपली बहुतेक माणसं गेली ती मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. गावाकडच्या भाषेत ‘बसऱ्याला’. आपल्या बायकांना बसरा ठाऊक आहे तो नथीतल्या मोत्यांमुळे. त्याच बंदरात आपली माणसं १९१४ मध्ये बोटींतून उतरली होती.

तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तिचं पुढे जाणं थांबलं, ती मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात आली आणि तुर्कांनी गावाला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर ते एप्रिल वेढा चालला. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या माणसांनी घोड्याचं मांस खायला बरेच दिवस नकार दिला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तरीही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढची कैद वेढ्यापेक्षा वाईट. वाळवंटातून पायी चालवत नेलं, रेल्वेच्या कामावर जुंपलं. कैदेत मेलेल्यांची संख्या हजारांत आहे.

आमच्या घरातला माणूस याच कुतमधला. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. दोघेही भरती झाले; पणजोबा परत आले, धाकटा आला नाही. ‘हरवला’ एवढंच कळलं होतं. हरवला म्हणजे मेला का, हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि त्यामुळे घरात एक बाई कितीतरी वर्षं कुंकू लावावं की पुसावं या प्रश्नावर अडकून राहिली. ती आयुष्यभर कुंकू लावत होती असं आजी सांगायची. गावातल्या काही बायकांना ते आवडायचं नाही, असंही सांगायची.

त्याचं पान घरात वाढलं जायचं ते पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीला. पंचांगात त्या दिवशी ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ लिहिलेलं असतं. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीची ही तिथी शास्त्राने वेगळी काढून ठेवली आहे. आता त्याच्या मृत्यूची तारीख हाती लागली आहे, ती कशी ते पुढे सांगतो. शस्त्राने गेला की हगवणीने, हे मात्र नोंदीत नाही. तरी चतुर्दशी आम्ही बदललेली नाही.

पूर्वजांमधल्या लढवय्यांना मान द्यायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, हे मुद्दाम लिहितो आहे. गावोगावी मारुतीच्या देवळापाशी वीरगळ उभे आहेत : खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेताना, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्रसूर्य. नाशिकला धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, तिच्यात लोक घरातल्या वीराचा टाक घेऊन नाचतात आणि गोदावरीवर नेऊन त्याला आंघोळ घालतात. देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीशेजारी घोड्यावरचा वीर बसवलेला असतो, तो कोणता पूर्वज हे घराला माहीत नसलं तरी.

आमच्या देव्हाऱ्यात तर सरकारी वीरच आहे. पणजोबांना युद्धानंतर चांदीचं पदक मिळालं, ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, त्याच्या घोड्याच्या टापांखाली जर्मनांची ढाल आणि कवटी. आजीने तो घोडेस्वार बघितला आणि पदक सरळ टाकांच्या रांगेत ठेवलं. दर दसरा-दिवाळीला चिंच लावून घासून घासून राजाचं नाक पार गेलंय. घोडेस्वाराच्या तोंडावर हळदकुंकवाचा थर बसलाय. पण पदक उभं धरून त्याच्या कडेवर बोट फिरवलं तर ठोकलेली अक्षरं अजून लागतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. कडेला चिंच लागत नाही, म्हणून ती अक्षरं वाचली.

हे सांगायचं कारण असं, की तुमच्या गावातही ही पदकं आहेत. बरीचशी चांदीच्या भावात सोनाराकडे गेली, तो त्या त्या वेळच्या अडचणीचा भाग, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जी उरलीत त्यांच्या कडा वाचा. काही घरांत पितळी रंगाची, हातभर नव्हे पण तळव्याहून मोठी, जाड गोल तबकडी असेल. तिच्यावर सिंह आणि हातात हार घेतलेली बाई आहे आणि एका चौकटीत एक नाव आहे. ती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली. कोणी तिच्यावर धूप जाळतं, कोणी दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलीय. त्या चौकटीतलं नाव तुमच्या यादीत गेलं पाहिजे.

आता आकड्यांबद्दल.

फ्रान्समध्ये नव्ह शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. तिथे ज्यांचं दफन-दहन कुठे झालं ते कळलं नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं दगडात कोरली आहेत. शिपायाचंही, खेचरवाल्याचंही. बसऱ्याला ४० हजारांहून जास्त माणसांचं स्मारक आहे. तिथे गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचं फक्त पलटणीच्या नावाखाली लिहिलं : आणखी इतके. ही दोन्ही स्मारकं उभारणाऱ्या ज्या कमिशनने सर्वांना सारखा मान देऊ असं तत्त्व म्हणून जाहीर केलं होतं, त्यानेच युरोपात नाव आणि आशियात आकडा असा न्याय लावला. त्याच कमिशनच्या, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे कबूल केलं. ४५ ते ५४ हजार जणांना, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी, बरोबरीचा मान मिळाला नाही असं अहवालात लिहिलं आहे. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत मागितली. आपल्याकडे वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोक चिडले. चिडायलाच हवं होतं.

पण आपल्या चावडीतली पाटी तरी वेगळं काय करते? तीही ‘इतके’च म्हणते. तिकडचा दगड इंग्रजाच्या ताब्यात होता, हा दगड १९४७ पासून आपल्या ताब्यात आहे.

दगडावर नाव असलं की काय होतं ते बघायचं तर कोरेगाव भीमाच्या स्तंभाकडे बघा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. इंग्रजाने तो आपल्या विजयासाठी उभारला. पण नावं होती म्हणून शंभर वर्षांनी लोकांना त्यात आपली माणसं सापडली, आणि १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. नुसता आकडा असता तर ती माणसं कोण होती हे कोणाला सांगता आलं असतं?

आणि हाच मुद्दा तुमच्या पाटीलाही लागू आहे. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, त्याविरुद्ध गोपाळबुवा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. तुमच्या पाटीवरच्या आकड्यात आजच्या बौद्धवाडीतली माणसं धरलीत की नाहीत, हे आकडा सांगत नाही. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे भिश्ती, स्ट्रेचर उचलणारे, झाडू मारणारे धरलेत का? रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान खलाशी धरलेत का? मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या २ हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, ते बघायला आपल्यापैकी कोणी गेलंय का, माहीत नाही. तेव्हा नावं गोळा करायला बसलात तर आळीआळीत, वाडीवाडीत जा. वरच्या आळीतल्या चार घरांत विचारून यादी बंद करू नका. तसंच करायचं असेल तर आहे ती पाटी बरी.

नावं कुठे मिळतील? मेलेल्यांची मिळणं त्यामानाने सोपं. कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, दगडावर न कोरलेली बसऱ्याचीसुद्धा. नोंदीत नाव, पलटण, मृत्यूची तारीख असते, आणि पुष्कळदा अमक्याचा मुलगा, अमकं गाव, अमका तालुका, सातारा असंही. आमच्या माणसाची तारीख अशीच मिळाली. अडचण एवढीच, की लिहून घेणारा कारकून मराठी नव्हता. पवारचं पोवार होतं, जावळीचं जाओली होतं, आणि गावाच्या नावाचं तर असं भजं होतं की लंडनमध्ये बसलेल्या कोणालाही ते नकाशावर सापडायचं नाही. ते गाव कुठलं, त्या नावाचा बाप कोणत्या घरातला, हे तुमच्या पारावर बसलेला म्हातारा चहा पिता पिता सांगेल. नोंदीत माणूस आहे पण त्याला घर नाही. गावात घर आहे पण माणसाचं नाव विसरलंय. हे दोन्ही एकत्र आणणं गावाशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे बोट दाखवू नका, त्यांच्याकडची बहुतेक कागदपत्रं नंतरची.

जे परत आले त्यांचं अवघड आहे. पंजाबात सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात धूळ खात पडल्या होत्या, २०२१ पासून त्या लोकांना बघायला मिळू लागल्या. आपल्याला घरोघरच फिरावं लागेल. घराचं नाव ‘हवालदाराचं’, ‘जमादाराचं’, ‘सुभेदाराचं’ असेल तिथून सुरुवात करा. ट्रंका उघडायला लावा. मोडीतली पत्रं निघाली तर टाकून देऊ नका, मोडी वाचणारे आता पुन्हा तयार झालेत. आणि माहेरवाशिणींना विचारा. भावकीच्या भांडणात ज्या गोष्टी पुरुषांनी गाडल्या, त्या त्यांना चांगल्या आठवतात. यात्रेला सगळी मुंबईकर मंडळी गावात असतात, तेव्हाच हे काम करा. तमाशाच्या सुपारीवर बैठक होते तशी एक बैठक यासाठी.

‘इंग्रजासाठी लढले, त्यांचं कसलं कौतुक?’ असं कोणीतरी ग्रामसभेत उठून म्हणणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. प्रश्न रास्त आहे. १९१४ मध्ये शिपायाला महिना ११ रुपये मिळत. पाठीमागे प्लेग आणि दुष्काळ नुकतेच होऊन गेलेले, जमीन भावांत वाटून वाटून ताटाएवढी झालेली. कोणी पोटासाठी गेलं, कोणी बाप पलटणीत होता म्हणून, कोणी पाटलाने शब्द टाकला म्हणून. लोकमान्य टिळकांनीही भरतीला सरसकट विरोध केला नव्हता, आपल्या माणसांना अधिकाराच्या जागा द्या अशी अट घातली होती. मला साम्राज्याची आरती ओवाळायची नाही, आणि नव्या पाटीवर ‘देशासाठी शहीद’ असं जे खरं नाही तेही कोरायचं नाही. तो गावचा माणूस होता, लढाईवर गेला आणि आला नाही, इतकं पुरे. कोणाला शौर्याचीच गोष्ट हवी असेल तर रायगडातल्या माणगावला जाऊन नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा बघा. १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर सापडली नाही, पण इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. मोठं पदक मिळालेल्यांची आठवण कोणी ना कोणी ठेवतंच. मी बोलतोय ते बाकीच्यांबद्दल.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मारले गेले. गावाने ते इतकं धरून ठेवलं की गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ झालं. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. पण २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’च्या वेळी ग्रामपंचायतींनी वीरांच्या नावांचे शिलाफलक लावले. तो फलक आणि चावडीतली पाटी यांत कित्येक ठिकाणी शंभर पावलांचंही अंतर नाही. तुमच्या फलकावर पाटीतल्या माणसांपैकी एकाचं तरी नाव आहे का, जाऊन बघा.

पाटी हलवता येत नाही ही सबब चालणार नाही. बसऱ्याचं ते अख्खं स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मुळापासून काढून ३२ किलोमीटर लांब नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. आपली तर दोन माणसांनी उचलायची फरशी. गवंड्याला आधी भोवतीचा गिलावा छिन्नीने मोकळा करायला सांगा, घण लावू देऊ नका. नव्या इमारतीत ती आतल्या दालनात सरपंचांच्या खुर्चीमागे नको, बाहेर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा. शेजारी मराठीत दुसरी पाटी : नाव, वडिलांचं नाव, आळी किंवा वाडी, पलटण, आणि परत आला की नाही. जात लिहायची गरज नाही, आळीवरून गावाला कळतंच. खाली चार-पाच ओळींची जागा कोरी सोडा, कारण पाटी लागल्यावरच लोक येऊन सांगतात की आमचा राहिला. देणगीदारांची नावं त्या पाटीवर घालू नका, ही विनंती हात जोडून. फार वाटलं तर ती मागच्या भिंतीला लावा.

खर्च फार नाही, ग्रामनिधीत बसेल. नसला तर मुंबईकर मंडळ देईल, यात्रेच्या मांडवापेक्षा कमीच लागेल.

ग्रामसभा १५ ऑगस्टला आहेच. विषयपत्रिकेवर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’मध्ये नको, स्वतंत्र विषय म्हणून हा घ्या आणि ठराव लिहून घ्या. आमच्या ग्रामपंचायतीत मी तसा लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. तुमच्या गावात अर्ज द्यायला कोणी तयार असेल तर याच पत्रातला मजकूर उचलावा, माझी काही हरकत नाही.

आपला,
पाटीच्या गावातला एक ग्रामस्थ

ता. क. : पाटीवरचा चुना आणि रंग काढायला कोणी अॅसिड सुचवेल. मुळीच लावू देऊ नका, संगमरवर जातो आणि अक्षरंही जातात. साधं पाणी, मऊ ब्रश आणि एखादा रिकामा दिवस लागेल.